शेळीचा चारा विचारता, लेकराचे ताट का नाही?

शेळीला लस टोचायला नेले तरी चांगला पशुवैद्य आधी चारा विचारतो. पाला कुठला? पेंड किती? खुराक बदलला का? तीच माऊली कडेवर लेकरू घेऊन माणसांच्या दवाखान्यात जाते. वजन झाले, सुई टोचली, पुढची तारीख मिळाली. लेकराने काल काय खाल्ले, हे बहुतेक ठिकाणी कुणी विचारत नाही. का?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शंभरातली सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आणि ३६ वजनाने कमी आहेत. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरातल्या जवळपास ६९ मुलांना रक्तक्षय आहे. हा आजार ताटातला आहे, त्यावर नुसती सुई पुरणार नाही.

वेळ मिळत नाही, असे डॉक्टर म्हणतात. पण सरकारी वेळापत्रकात १४ आठवड्यांची लस झाली की पुढची थेट नवव्या महिन्यात. वरचे अन्न मात्र सहा महिने पूर्ण होताच सुरू व्हायला हवे. म्हणजे डॉक्टरने ते सांगायचे कधी? १४ आठवड्यांच्या लशीलाच. दोन मिनिटे पुरतात.

दुसरी अडचण खरी आहे, आणि ती आपल्या लोकांची आहे. 'घरी काय खाता?' हा प्रश्न आम्हाला नवा नाही. भाड्याची खोली मागायला गेलो की याच प्रश्नाने आमची जात शोधली जाते. म्हणून दवाखान्यात आई चाचरते, 'डाळभात' म्हणून मोकळी होते. डॉक्टरने सफरचंद, बदाम, पनीर लिहिलेला कागद दिला तर ती तो घडी करून पिशवीत टाकते. त्या कागदावर अंडे नाही, सुकट नाही, कलेजी नाही. हा सल्ला कुणाच्या स्वयंपाकघरातून आला?

शाळेतल्या अंड्याचेही तेच झाले. २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्याला अंडे दिले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. ती कोणत्या धर्माची?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. डॉक्टरने विचारलेच पाहिजे, पण नाक मुरडून नव्हे. 'तुम्ही काय खाता?' असे नको, 'काल दिवसभरात बाळाने काय खाल्ले?' असे विचारा. मग त्याच घरातले, त्याच मजुरीत बसणारे अन्न सांगा. अंडे, मासे, मटण चालत असेल तर मोकळेपणाने सांगा. चालत नसेल तर मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळायला सांगा, लोह अंगी लागते. जेवणासोबतचा चहा बंद करा, तो लोह अडवतो.

आणि मायबहिणींनो, डॉक्टरने नाही विचारले तर आपण विचारा. आपल्या ताटाची लाज सोडा. लाज असलीच तर लेकराचे ताट रिकामे ठेवणाऱ्या व्यवस्थेला वाटू द्या.