‘शुगरला चालतं ना?’

मे महिना निम्मा सरला की बदलापूर स्टेशनाबाहेर टोपल्या दिसू लागतात. पळसाच्या पानांवर वाटे मांडलेले: करवंदांचे, जांभळांचे, शेजारी रायवळ आंब्यांचा छोटा ढीग. बारवी धरणाकडच्या आणि मुरबाडच्या बाजूच्या पाड्यांवरून कातकरी, ठाकूर बायका पहाटेच निघालेल्या असतात. लोकलमधून उतरलेलं गिऱ्हाईक वाकून जांभळाचा वाटा बघतं आणि भाव विचारण्याआधी विचारतं, ‘मावशी, शुगरला चालतं ना?’ मावशी काय सांगणार? ‘चालतं की! साखर पळून जाते.’ व्यवहार पूर्ण. तोच माणूस शेजारच्या आंब्याकडे मात्र चोरून बघतो आणि पुढे सरकतो.

उन्हाळी फळांबद्दल आपल्या डोक्यात जो गोंधळ आहे, तो या एका प्रसंगात सगळा सापडतो. एका फळाला आपण औषध करून टाकलं, दुसऱ्याला आरोपी. दोन्ही निकाल पुराव्याशिवाय दिलेले.

आधी जांभूळ, कारण ते आपल्या गावचं. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, पालघरच्या बहाडोलीच्या जांभळालाही मिळालं. तेव्हापासून ‘सरकारनेच औषधी म्हणून मान्यता दिली’ असं सर्रास ऐकू येतं. मानांकनाचा कायदा 1999 चा, नोंदणी कार्यालय चेन्नईत. एखादी वस्तू विशिष्ट भागातली आहे आणि तिचे गुण किंवा तिचं नाव त्या मातीशी, हवामानाशी बांधलेलं आहे, एवढंच ते मानांकन सांगतं. दुसऱ्या ठिकाणचं जांभूळ बदलापूरचं म्हणून विकू नये, यासाठी ते आहे. आजार बरा होतो की नाही, याच्याशी त्या कार्यालयाचा काही संबंध नाही.

मग मधुमेहाचं काय? जांभळाच्या बियांच्या अर्काने उंदरांची साखर उतरल्याचे बरेच प्रयोग आहेत. माणसांवरचे अभ्यास थोडे, छोटे आणि एकमेकांशी न जुळणारे. ब्राझीलमध्येही जांभूळ घरगुती औषध म्हणून प्रसिद्ध. तिथल्या संशोधकांनी जांभळाच्या पानांचा चहा माणसांना देऊन पाहिला, साखरेत काही फरक पडला नाही. बियांची पावडर घेणाऱ्यांचा खरा धोका वेगळाच असतो. पावडर सुरू झाली की गोळी हळूच बंद होते, आणि तीन महिन्यांनी तपासणीचा कागद हातात पडतो तेव्हा घरात रामायण घडतं. गोळीही चालू आणि पावडरही चालू, हेसुद्धा डॉक्टरांच्या कानावर घातल्याशिवाय करू नये.

आता आकडे बघा. शंभर ग्रॅम जांभळाच्या गरात साधारण 60 कॅलरी आणि 15 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. शंभर ग्रॅम आंब्याच्या गरात? साधारण 60 कॅलरी आणि 15 ग्रॅम कर्बोदकं. म्हणजे वजनाला वजन लावलं तर दोघे जवळपास बरोबरीचे! फरक पडतो तो आपल्या खाण्यात. जांभळं मूठभर झाली की जीभ आणि घसा तुरट होऊन ‘पुरे’ म्हणतात. हे काम त्यातल्या टॅनिनचं. आंबा असं काही म्हणत नाही. तो वाटीत येतो, पाठोपाठ दुसरी वाटी येते, वर तूप आणि खाली पुरी. जांभूळ गुणी ठरलं ते पुष्कळसं त्याच्या तुरटपणामुळे.

जांभळाची दुसरी ख्याती आजीच्या तोंडची: वर्षातून एकदा तरी जांभूळ खावं, पोटात गेलेले केस विरघळतात. केस केराटिनचे असतात. ते पोटातल्या आम्लात विरघळत नाहीत, तर जांभळाच्या रसात काय विरघळणार? चुकून गिळलेला एखादा केस आपल्या वाटेने बाहेर पडतो. केस उपटून खाण्याच्या विकारात पोटात खरोखरच केसांचा गोळा होतो, पण तो काढायला सर्जन लागतो. आजीचा सल्ला तरीही पाळावा. वर्षातून एकदाच का, हंगामभर खावीत. जांभळा रंग अँथोसायनिनचा, सोबत थोडं क जीवनसत्त्व आणि चोथा. एवढ्यासाठीच फळ खायचं असतं.

आणि जांभळाचा एक गुण आहे, जो कुणी सांगत नाही. झाडावरून कच्चं काढलेलं जांभूळ घरी ठेवून पिकत नाही. आंबा, केळं, चिकू काढल्यावर पिकतात. जांभूळ झाडावरच पिकावं लागतं. त्यामुळे त्याला ‘मसाला’ लावायचा प्रश्नच येत नाही. पण याचीच दुसरी बाजू अशी की पिकलेलं जांभूळ साध्या हवेत एक-दोन दिवसांत बसतं. दादरला पोचेपर्यंत त्याची साल फुटायला लागते. बदलापूरचं जांभूळ बदलापुरातच चांगलं लागतं, हा गावाचा अभिमान नाही, फळाचा नाइलाज आहे. गावात आणि कुळगावात इमारती उभ्या राहिल्या तशी झाडं कमी होत गेली, हा त्यातला कडवट भाग.

मसाला म्हणजे कॅल्शियम कार्बाइड, आणि तिथून गाडी आंब्यावर येते. कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे बंदी आहे. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात, म्हणून ती बंदी योग्यच. पण यातून लोकांनी काढलेला निष्कर्ष असा: अढीत पिकलेला तेवढा खरा, बाकी सगळं विष. तसं नाही. इथिलीन वायूने पिकवायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे, मर्यादा दशलक्षात 100 भाग. हाच वायू आंबा पिकताना स्वतः सोडतो. गवतात अढी घालून आपण तोच वायू कोंडून धरतो; पिकवणीच्या खोलीत तो मोजून सोडतात. फसवणूक होते ती कोवळा आंबा काढून पिवळा करण्यात. असा आंबा वरून सोनेरी आणि आतून आंबट, देठाशी वास नाही. नाक देठाला लावून बघणं हे आजही चांगलं परीक्षण आहे.

‘आंबा उष्ण पडतो, गळवं येतात’ हे वाक्य घराघरात ऐकू येतं. आंब्याच्या देठाशी जो चीक असतो, त्यातल्या द्रव्यांनी काहींच्या ओठांना, गालांना खरोखर पुरळ येतं. बिब्बा उततो ना, आंबा त्याच कुळातला. सालीसकट दाताने सोलून खाणाऱ्या पोरांच्या तोंडाभोवती जे उठतं ते बहुधा हेच. गळू मात्र जंतूंचं काम. मे महिन्यात घाम, घामोळं, खाजवलेली कातडी आणि त्यात शिरलेले जंतू. आंबा त्याच महिन्यात येतो म्हणून नाव त्याचं. बदलापुरात पारा चाळिशीपलीकडे जातो तेव्हा आंबा न खाणाऱ्यालाही घामोळं सोडत नाही.

पाण्यात भिजवल्याने आंब्याची ‘उष्णता’ निघते, हेही असंच. आतलं काही पाण्यात उतरत नाही. पण चीक, धूळ आणि वर काही फवारलं असेल तर ते धुतलं जातं, शिवाय आंबा गार लागतो. सवय चांगली, कारण चुकीचं. अर्धा तास पुरतो.

मधुमेहींसाठी हिशेब सोपा करून ठेवतो. मध्यम हापूसचा गर धरा दीडशे ग्रॅम. त्यात कर्बोदकं बावीस ग्रॅमच्या घरात, म्हणजे तीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीएवढी. साखर आटोक्यात असलेल्या माणसाने एक पोळी कमी करून एक आंबा खाल्ला, तर जमाखर्च जुळतो; अर्धा खाल्ला तर आणखी बरं. आमरस, चार पुऱ्या, मसालेभात आणि ‘आज काही होत नाही’, हा हिशेब जुळत नाही. आंबा चावून खाल्लेला बरा. रसात साखर, दूध, वेलची घातली की वाट्या मोजायचं भान राहत नाही. साखर फारच चढलेली असेल किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मात्र कुठलं फळ किती हे डॉक्टरांनीच ठरवावं. पोटॅशियमचा प्रश्न असतो.

फळ आणि फळाचा रस एकच, ही समजूत शिकल्या-सवरल्या घरांत जास्त घट्ट आहे. रसात चोथा मागे राहतो आणि तीन मोसंब्यांची साखर दोन मिनिटांत पोटात जाते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना रसातली साखर साखरेच्याच खात्यात धरते, अख्ख्या फळातली धरत नाही. सरबतांचंही तेच. कोकम थंड असतं म्हणून बाटलीतलं अमृत कोकम ग्लासभर प्यायलं, तर त्यात कोकमापेक्षा पाक जास्त. त्याऐवजी आगळ आणावं, पाणी घालावं, साखर आपल्या हाताने घालावी म्हणजे चमचा दिसतो. ‘पन्ह्यात गूळ घातलाय, साखर नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्यांना एवढंच, की गुळातही बहुतांश साखरच असते.

कलिंगडावर अफवा सगळ्यात जास्त. लाल रंगाचं इंजेक्शन देतात म्हणे. टोचलेल्या फळाला भोक पडतं, उन्हात ते दोन दिवसांत आंबतं, आणि रंग सगळीकडे सारखा पसरतही नाही. हा धंदा परवडणारा नाही. कापलेल्या फोडींना रंग चोपडणं मात्र शक्य आहे: पांढरा कापूस गरावर दाबून फिरवा, कापूस लालभडक झाला तर फळ टाका. मधोमध भेग पडलेलं कलिंगड दिसलं की मोबाइलवर फोटो फिरतो, ‘केमिकल!’ ती भेग परागीकरण आणि वाढ असमान झाल्याने पडते. फळ खाण्याजोगं असतं. कलिंगडावर पाणी प्यायल्याने जुलाब होतात हेही खरं नाही. त्यात 90 टक्क्यांहून जास्त पाणीच आहे, आणखी ग्लासभराने काय बिघडणार?

जुलाब होतात ते सुरीने, माशीने आणि बर्फाने. इथे मात्र लोक निर्धास्त! स्टेशनबाहेर उघड्यावर मांडलेली फोडींची डिश, खाली बर्फाची लादी. न खाण्याच्या बर्फात निळा रंग मिसळायची सक्ती महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये केली, ती याच लाद्यांसाठी. बर्फ निळसर दिसला की तिथून निघावं. घरच्या डब्याचीही तीच गोष्ट. कापलेलं फळ बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि पारा 32 अंशांच्या वर असेल तर तासभरच, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य नियम आहे. बदलापूरहून सीएसएमटीला नुसत्या लोकलमध्येच दीड तास जातो. पहाटे कापून डब्यात भरलेलं कलिंगड अकरा वाजता ऑफिसात उघडायचं म्हणजे नियम केव्हाच मोडला. डब्यात अख्खं फळ द्यावं: केळं, चिकू, धुतलेली जांभळं, करवंदं. कलिंगड रात्री घरी सगळ्यांनी मिळून खावं. रात्री फळ पोटात सडतं, ही भीतीही सोडावी. पोटात आम्ल असतं, तिथे सडायला सवड नसते.

चारच्या भुकेला नुसतं फळ पुरत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. फळात प्रथिनं जवळजवळ नाहीत. मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे सोबत घ्या, सात वाजेपर्यंत निभतं. तीस ग्रॅम शेंगदाण्यांत सात ग्रॅम प्रथिनं. केळ्याचे वेफर्स किंवा तळलेले फणसाचे गरे हे फळ म्हणून खाऊ नयेत. शंभर ग्रॅम केळ्यात 90 कॅलरी, तेवढ्याच वेफर्समध्ये पाचशेच्या वर. ‘बेक केलेली आहे’ म्हणून खारी हलकी समजणाऱ्यांनी ती कागदावर तासभर ठेवून कागद उजेडात धरावा.

महाग तेच पौष्टिक, हा नवा गैरसमज. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनात दिवसाला शंभर ग्रॅम फळं सांगितली आहेत. त्यात किवी हवंच असं कुठे नाही. काजूच्या बोंडात संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असतं आणि ते आपण बी काढून फेकून देतो. करवंदाचा वाटा किवीच्या एका फळाच्या भावात येतो. शिवाय करवंद चावून आत लाल निघालं की कोंबडा, पांढरं निघालं की कोंबडी, हा खेळ किवीवर कुणी खेळलेलं ऐकिवात नाही.

राहता राहिला पाऊस. मृगाच्या सरी पडल्या की आंबा, जांभूळ बाधतं म्हणतात. यात तथ्याचा अंश आहे: हंगामाच्या शेवटी फळमाशी वाढते आणि तिच्या अळ्या गरात मिळतात. फळ विषारी होत नाही, फक्त वस्तीला पाहुणे असतात. हापूस कापून बघता येतो, जांभूळ फोडून बघता येतं. रायवळ तोंडाला लावून चोखणाऱ्यांनी मात्र जूनमध्ये तो आधी वाटीत पिळावा, नीट बघावा आणि मग प्यावा.