राखणीचा कोंबडा आणि तुळशीची माळ

माझ्या हिशेबाच्या वहीत भातकापणी उरकली की एक ओळ ठरलेली असते : ‘राखण – कोंबडा १, नारळ २, विडा, उदबत्ती, क्वार्टर १.’ त्याच पानावर खाली दिंडीची वर्गणी आणि वाचनालयाची वर्गणी. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य घालवलेल्या बाईच्या वहीत क्वार्टर कशाला, असा प्रश्न डोंबिवलीहून आलेल्या पुतण्याला पडला. मी म्हटलं, ‘‘माझी नव्हे ती. राखणदाराची.’’ तो हसला. पण संध्याकाळी शेतावर निघाले तेव्हा कोंबडा काखेत धरून तोच माझ्या पुढे चालत होता.

आमचं घर खारेपाटणात, कणकवली तालुक्याच्या उत्तर टोकाला. मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्यांना गाव ठाऊक असतं ते पावसाळ्यात शुक नदीचं पाणी बाजारपेठेत शिरल्याच्या बातमीपुरतं. आमच्या देवघरात विठ्ठल-रखुमाई, टाक, गणपती, अक्कलकोटच्या स्वामींचा फोटो आणि धाकट्या जावेने शिर्डीहून आणलेले साईबाबा. सासूबाई माळकरी होत्या. एकादशी चुकवायच्या नाहीत, अंड्याचं भांडंसुद्धा वेगळं ठेवायच्या. आणि भात मळून झालं की पहिला प्रश्न त्यांचाच असायचा, ‘‘राखणीचा काय झाला?’’ एकदा मी नवी सून म्हणून धीर करून विचारलं होतं, तुम्ही माळकरी, मग कोंबडा कसा चालतो? त्या म्हणाल्या, ‘‘माळ माझ्या गळ्यात आसा. राखणदाराच्या गळ्यात कोणी घातली?’’

तळकोकणाच्या या दुहेरी संसाराबद्दल बाहेरच्या माणसाला काही सांगायचं तर ते एवढ्यावरच सांगता येईल. राखणदाराला देऊळ नसतं, मूर्ती नसते, पोथी नसते. शेताच्या कोपऱ्यात, पाणंदीच्या वळणावर, वाडीच्या शिवेवर एखाद्या झाडाखाली एक दगड असतो. कुठे तोही नसतो, नुसतं झाड. त्या जागेतला जो कोणी आहे तो ती जागा राखतो, अशी समजूत. रात्री हातात काठी, खांद्यावर कांबळं घेऊन तो शिवेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो, पाण्याच्या पाटावर चोरी करणाऱ्याला इंगा दाखवतो, असं म्हातारी माणसं सांगतात. दक्षिणेकडे सावंतवाडी आणि गोव्याच्या बाजूला त्यालाच देवचार म्हणतात. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून त्याला नव्या वहाणा वाहण्याची रीत तिकडे आहे. बदल्यात तो मागतो ते वर्षातून एकदा, तीच राखण. त्याच्यावर श्रद्धा आहे का, तू दुसऱ्या कुणाला भजतोस का, हे तो विचारत नाही. जमीन कसतोस ना, मग माझा मान दे, एवढाच व्यवहार.

राखण कशी देतात ते जवळून सांगते, कारण पुस्तकांत ती फार सोवळी होऊन येते. दगडाभोवतीचं गवत काढायचं, पाणी शिंपडायचं. केळीच्या पानावर विडा, सुपारी, नारळ. दारूचे चार थेंब दगडावर, उरलेली राखण शिजवणाऱ्यांची, यावर कधी वाद होत नाही. मग गाऱ्हाणं. सगळे टोप्या नीट करून, चपला काढून उभे राहतात आणि एकजण मोठ्याने देवाशी बोलायला लागतो. संस्कृताचा एक शब्द नाही, आमची बोली : ‘‘बा देवा म्हाराजा, ह्या शेताच्या, ह्या वाटेच्या राखणदारा, वर्षाप्रमाणे तुजी राखण तुका पावती केली आसा, ती मानून घे. मुंबैक गेलेल्या पोरांका सुखी ठेव. काय चुकला माकला आसात ता पोटात घाल.’’ प्रत्येक वाक्याला मागून सगळ्यांचा ‘‘व्हय म्हाराजा!’’ त्यात मागण्याही सुटतात. गेल्या खेपेस एकाने वानरांचा बंदोबस्त मागितला, दुसऱ्याने पोराच्या नोकरीचं पत्र. मग कोंबडा. मी तेव्हा बांधाकडे तोंड करून उभी राहते. मटण तिथेच तीन दगडांच्या चुलीवर शिजतं, राखणदाराची वाडी, म्हणजे नैवेद्य, पहिली निघते आणि उरलेलं तिथेच संपवायचं. आमच्यात ते घरी आणत नाहीत.

गाऱ्हाणं माझे यजमान घालायचे. ते गेले, दीर मुंबईला. पहिल्या वर्षी वाडीतल्या सगळ्यात वयस्क गृहस्थांना विचारायला गेले. ते माझे सासरे लागतात भावकीने. ‘‘आज्यानू, बायमाणसान गाऱ्हाणा घातला तर चलता?’’ त्यांनी सुपारी कातरणं थांबवलं नाही. ‘‘जमीन तुज्या नावार आसा मा? मगे तू नाय घालतलस तर कोण घालतलो?’’ शास्त्र विचारायला गेले आणि उत्तर सातबाऱ्यातून मिळालं. तेव्हापासून मीच घालते. शाळेत प्रार्थना सांगायची सवय होती, आवाज पोचतो.

असे जागेचे देव मानणारी माणसं जगात आणखीही आहेत. युरोपात ख्रिस्ती धर्माच्या आधीचे, झाडांचे, ऋतूंचे, जागांचे देव मानणाऱ्यांना पेगन म्हणतात. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी स्वतःचा धर्म असा लिहिला. चर्चमध्ये लग्न लावून घेणारे आणि घरामागच्या बागेत गुपचूप दिवा लावणारे त्यात धरलेले नसणार. आइसलँडने जुन्या देवांच्या उपासकांच्या मंडळाला १९७३मध्ये सरकारी मान्यता दिली. पण तिथे मधे हजारभर वर्षांचा खंड पडला, आणि आता ते लोक पुस्तकं उघडून जुनं पुन्हा जुळवताहेत. आमच्याशी खरं जुळतं ते जपानचं. तिथे गावच्या शिंतो देवाला मूल दाखवायला नेतात आणि त्याच माणसाचे अंत्यविधी बौद्ध भिक्षू करतो. १८६८मध्ये सरकारने हुकूम काढून दोन्ही धर्म वेगळे केले. देवळं वेगळी झाली, घरं नाही झाली.

आमच्या गावात मोठे धर्म काही कमी झालेले नाहीत. इथे सापडलेला रट्टराज शिलाहाराचा ताम्रपट शके ९३०चा, म्हणजे इ. स. १००८चा. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी त्याचं वाचन प्रसिद्ध केलं होतं. त्यात अव्वेश्वराच्या देवळासाठी तीन गावं मत्तमयूर पंथाच्या शैव आचार्यांना दिल्याची नोंद आहे. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे देवाला सोन्याचा एक गद्याण द्यायचा, असंही कलम आहे. विजयदुर्गच्या खाडीतून गलबतं वर येत, तेव्हाचं हे वैभव. गावात सूर्यनारायणाचं जुनं देऊळ आहे, जैन मंदिर आहे, मुसलमानांचा मोहल्ला आहे, मशिदी आहेत. आमच्या बांधाला लागून असलेल्या शेताचे मालक मुसलमान. ते राखणीला येत नाहीत, हात जोडत नाहीत. त्यांचं शेत करणारा मात्र दरवर्षी त्यांच्याकडून कोंबड्याचे पैसे घेऊन येतो. ते देतात आणि त्यावर दोन्ही बाजूंनी कोणी चर्चा करत नाही. ही चर्चा न करणं म्हणजेच आमच्याकडचा सर्वधर्मसमभाव, आणि सभेतल्या भाषणांपेक्षा माझा त्यावर जास्त भरवसा आहे.

आचऱ्याची गावपळण तर सगळ्यांना ठाऊक असेल. रामेश्वराने कौल दिला की अख्खं गाव गुरं-कोंबड्यांसह तीन दिवस तीन रात्री शिवेबाहेर राहायला जातं, आणि त्यात गावातली हिंदूंबाहेरची घरंही बाहेर पडतात. आमच्या शेजारच्या वैभववाडी तालुक्यात शिराळे गावाची पळण दरवर्षी होते. माणसं राहुट्यांत राहतात, पोरांची शाळाही गावाबाहेर झाडाखाली भरते, आणि देवाचा परतीचा कौल मिळेपर्यंत घरांची कुलपं उघडत नाहीत. गाव काही दिवस मोकळं सोडायचं, ते जागेच्या धन्यांसाठी.

जागेच्या धन्याला मानण्याच्या याच रीतीला गोव्यात जरब सोसावी लागली. तिथे १५६०पासून १८१२पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय होतं. १७३६च्या त्याच्या एका फर्मानाने बाटलेल्या घरांत तुळस लावायला, लग्नात हळद लावायला आणि ओव्या म्हणायलाही बंदी घातली. एवढं करूनही म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला लोक शिरगावच्या लईराईची बहीण मानतात, आणि तिच्या फेस्ताला हिंदू तेल घेऊन रांग लावतात. शिवोलीच्या जागरात गावच्या राखणदारासाठी हिंदू आणि ख्रिस्ती दोघंही उभे राहतात. धर्म बदलला तरी शेत तेच राहिलं आणि शीवही तीच राहिली, मग राखणदार बदलणार कसा?

हे सगळं फार गोड वाटायला लागलं असेल तर थांबते, कारण गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या या देवकारभारात, कडू भरपूर आहे. जुन्या व्यवस्थेत कोणी ढोल वाजवायचा, शिवेवरचं काम कोणी करायचं, देवळाच्या कुठल्या पायरीपर्यंत कोणी यायचं हे जातीने ठरलेलं होतं. त्याला ‘मान’ म्हणायचे. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर कोकणातल्या वाड्यावाड्यांतून हे मान परत केले गेले. माझ्याबरोबर शाळेत नोकरी केलेली एक बौद्ध बाई मला म्हणाली होती, ‘‘बाई, तुमच्यासाठी ती रीत होती. आमच्या बापजाद्यांसाठी ती वेठ होती.’’ तिच्या घरी राखण दिली जात नाही आणि ते योग्यच आहे. रीत सोडण्याचा हक्क नसेल तर पाळण्यालाही अर्थ उरत नाही.

दुसरं कडू म्हणजे करणी. राखणदार वेगळा आणि देवस्कीचा धंदा वेगळा, पण बाहेरचे लोक दोन्ही एका पोत्यात भरतात, आणि आमचे लोकही कधी कधी भरतात. ताप उतरेना की डॉक्टरच्या आधी तांदूळ लावून कौल घ्यायला पळायचं, आणि तिथे बसलेला माणूस शेजारणीकडे बोट दाखवणार. मी शिकवत असताना अशा संशयाने दोन घरांचं पाण्याचं भांडण पिढीभर चाललेलं पाहिलं. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हा गावात कुजबूज होती की आता राखणही बंद होणार. त्या कायद्याला दगडापुढच्या नारळाशी देणंघेणं नाही. त्याला माणसाला छळणाऱ्याशी आहे, आणि तसा तो असायलाच हवा.

राखण आता कमी होते आहे. तिला कोणी बंदी घातलेली नाही. पडीक शेत राखायला कोण सांगणार? आणि जिथे पैसा आला तिथे दगडाला घुमटी, घुमटीला टाईल्स, मग जयपूरहून आणलेली संगमरवरी मूर्ती आणि वर दत्ताचं नाहीतर महादेवाचं नाव. वर्षभरात तिथे सत्यनारायण सुरू होतो. कोंबड्याच्या जागी नारळ आला याचं मला दुःख नाही. यजमान आजारी होते त्या वर्षी सासूबाईंनीही नारळावर भागवलं होतं. पण घुमटीसाठी आधी झाडं जातात. ती झाडं म्हणजेच तर जागा होती. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या दोघांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांवर काम केलं, तेव्हा त्यांनीही हेच दाखवलं होतं की भोवतालचं रान तुटून गेल्यावरही देवाच्या नावाने तुकडा तुकडा शिल्लक राहिला. सिंधुदुर्गात सातबाऱ्यावर ‘देवरहाटी’ अशी नोंद असलेले असे तुकडे अजून आहेत. शेताच्या कोपऱ्यातल्या राखणदाराला मात्र तीही नोंद नाही. तो फक्त राखण देणाऱ्यांच्या तोंडी आहे.

म्हणून मुंबई-पुण्याला असलेल्या आमच्या लोकांना एक सांगणं आहे. गावची जमीन विकायची असेल तर विका, तुमचे इलाज तुम्हाला माहीत. पण खरेदीखतावर सही करण्याआधी घेणाऱ्याला बरोबर घेऊन एकदा शेतात उभे राहा आणि राखणदाराची जागा बोटाने दाखवा. तो मानणारा नसेल, तर नारळ-कोंबड्याचा आग्रह धरू नका. ते झाड आणि त्याभोवतीची चार हात जमीन जेसीबीपासून सोडायची, एवढं मात्र व्यवहार ठरतानाच बोलून घ्या. आणि जागा कुठे ते तुम्हालाच माहीत नसेल, तर वाडीतलं एखादं म्हातारं माणूस आहे तोवर येऊन विचारून जा.