तपकीर गल्लीतला तपकिरी

दिवसभर ऑफिसचे मेल, रात्री काउंटर-स्ट्राइक. बोटं तीच! जुन्या कीबोर्डनं मान टाकली, तसा मी थेट तपकीर गल्ली गाठली. दुकानात दिव्यांचा नुसता झगमगाट. पण मंडळी, दिव्यांवर भाळू नका, आधी आतला स्विच विचारा.

'चेरी'चा निळा स्विच साधारण 60 ग्रॅम दाब मागतो आणि दर अक्षराला टक् करतो. टायपिंगला मस्त. पण आमचं घर वन-रूम-किचन, आणि आई पहाटे पाचला डबे करायला उठते. लाल स्विच 45 ग्रॅमलाच सरळ खाली. गेमला झकास, पण मेल लिहिताना बोट नुसतं टेकलं तरी भलतंच अक्षर! तपकिरी मधला: बोटाला हलका अडथळा कळतो, टक् मात्र नाही.

आणखी एक. तीन-चार बटणं एकदम दाबून बघाच. स्वस्त कीबोर्डवर त्यातलं एखादं चक्क गायब होतं, आणि ऐन धुमश्चक्रीत तुम्ही जागच्या जागी!

मी तपकिरी घेतला. त्या रात्री एक वाजेपर्यंत खेळलो.

सकाळी आई म्हणाली, "काल लवकर झोपलास वाटतं?"

मी गुपचूप चहा प्यायलो.