ट्रॅक्टराचा श्वास

मोटारगाडीच्या बॉनेटवरील हवा घेणारें तोंड पाहून तसेंच आपल्या ट्रॅक्टरासही करवावें, असें एखाद्या शेतकरी बंधूस वाटणें साहजिक आहे. परंतु येथें हिशेब निराळा आहे. ताशीं १०० किलोमीटर धांवणाऱ्या गाडींतही समोरच्या वाऱ्यानें हवेचा दाब अर्धा टक्कासुद्धां वाढत नाहीं. आणि तोंड बॉनेटच्या मध्यभागीं असल्यास तेवढाही लाभ बहुधा पदरीं पडत नाहीं. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतो. तेव्हां नांगरतांना ताशीं ५ किलोमीटर चालणाऱ्या ट्रॅक्टरास तो ४०० पटींनीं कमी, म्हणजे शून्यच!

खरा प्रश्न धुळीचा. एक लिटर डिझेल जळण्यास निदान १०,००० लिटर हवा लागते. काळ्या जमिनीच्या उन्हाळी नांगरटींत चाकांपाशीं उठणारी बारीक धूळ त्या हवेबरोबर आंत गेली, तर सिलिंडर व रिंगा झिजून इंजिन तेल पिऊं लागतें. म्हणूनच हवेची नळी उंच ठेवून तिच्या माथ्यावर धूळ निराळी करणारा प्याला बसवितात.

यवतमाळाकडील माझ्या एका आप्तानें धुऱ्यावरील बाभळींत अडकते म्हणून ती नळीच कापली; दुसऱ्या हंगामांत रिंगा बदलाव्या लागल्या. त्यापेक्षां बाभळीची फांदी तोडणें स्वस्त नव्हे काय? प्याला रोज रिकामा करावा. गाळणी तेलाची असल्यास तींत तेल खुणेपर्यंतच भरावें. अधिक झाल्यास तें इंजिनांत ओढलें जातें.