माणसांचा व्यापार : सुटकेनंतर आधार कुठे?

कोल्हापुरात पीडितेला किंवा तिच्यासाठी धावणाऱ्याला मिळू शकणारी मदत :

● तातडीची मदत : पोलीस ११२, महिला हेल्पलाइन १८१, चाइल्डलाइन १०९८.

● अल्पवयीन मुले : बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करणे बंधनकारक. निवाऱ्याचा निर्णय समितीचा.

● महिला : ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये तात्पुरता निवारा, उपचार, समुपदेशन, पोलीस व कायद्याची मदत. दीर्घ पुनर्वसनासाठी ‘शक्ती सदन’ योजना.

● वकील : जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत, हेल्पलाइन १५१००. तस्करीच्या पीडितांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची (‘नालसा’) २०१५ पासून स्वतंत्र योजना आहे.

● वेठबिगारी : वीटभट्टी, ऊसतोड, घरकाम कुठेही सक्तीने राबवले जात असल्यास जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे तक्रार करा. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत पुनर्वसनासाठी १ ते ३ लाख रुपयांची तरतूद आहे.

● स्थानिक संस्था : ‘अवनि’ बालमजूर व स्थलांतरित मुलांसाठी, तर बालकल्याण संकुल निराधार मुलांसाठी काम करते.

पीडितेचे नाव, फोटो, गाव समाजमाध्यमांवर टाकू नका. संशय आला तर परस्पर छापा न घालता आधी ११२ ला कळवा.