जैवतंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण आणि आपली मुले

नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘नांदेड-४४’ हा संकरित वाण कोरडवाहू शेतकऱ्यांच्या पसंतीचा होता. २००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाली आणि बोंडअळीस प्रतिकार करणारे जनुक नसल्याने हा वाण मागे पडला. पुढे कृषी विद्यापीठाने महाबीजच्या सहकार्याने ते जनुक त्यात आणले. अशा कार्यास जैवतंत्रज्ञ लागतात.

हे शिक्षण आता दूर नाही. लातूरला विलासराव देशमुख कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे; नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो. बियाण्यांची जनुकीय शुद्धता तपासणे, ऊतिसंवर्धनाने केळीची रोपे तयार करणे, संशोधन व अध्यापन ही कामे पदवीधरांस मिळू शकतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती बारावी विज्ञानाच्या मुलामुलींच्या पालकांस वेळीच द्यावी.