संगणकात दडलेली कागदपत्रे शोधून ई-मेलला कशी जोडावीत?

वऱ्हाडात पूर्वी ज्वारी पेवात साठवीत असत. जमिनीत खोल खड्डा घेऊन त्यात धान्य भरावयाचे, तोंड बुजवावयाचे आणि वर माती सारावयाची, अशी ती रीत होती. वरून चालणाऱ्यास आपल्या पायाखाली धान्य आहे याचा पत्ताही लागत नसे. परंतु घरधन्यास पेवाच्या तोंडाची खूण पक्की ठाऊक असे. ती खूण विसरली, तर धान्य असूनही नसल्यासारखे होई.

आजच्या शेतकऱ्याच्या कागदपत्रांची स्थिती पुष्कळशी अशीच झाली आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. माती परीक्षणाचा अहवाल, बँकेचे पत्र, बियाण्याच्या पावतीचे छायाचित्र, हे सारे आता मोबाइलमध्ये किंवा संगणकात येऊन पडते. ते पडते खरे. पण नेमके कोठे पडते, हे पुष्कळांना माहीत नसते. “भाऊ, सातबारा तं मोबाइलातच हाये, पण सापडत नाही,” हे वाक्य अकोला-अमरावती भागात गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या कानी वारंवार पडते.

या न सापडण्याची किंमत मोठी असू शकते. खरीप २०२४ पर्यंतच्या पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीने नुकसान झाल्यास ७२ तासांच्या आत सूचना द्यावी लागे. योजना बदलतात, त्यांचे नियमही बदलतात. परंतु अर्ज, हरकत, तक्रार यांना मुदत ही असतेच. शेत खरे, नुकसान खरे, कागदही खरा, आणि तरीही तो वेळेवर जोडता आला नाही म्हणून अर्ज अपुरा राहावा, यासारखी खंत दुसरी नाही. म्हणून दडलेला कागद शोधण्याची रीत प्रत्येक शेतकऱ्याने शिकून घ्यावी. ती अवघड नाही.

कागद दडतो कशामुळे?

कागद न दिसण्याची कारणे मुख्यतः चार आहेत. पहिले कारण अगदी साधे. कागद दडलेला नसतोच. तो ‘डाउनलोड्स’ या कप्प्यात पडून असतो, पण त्याचे नाव आकड्यांचे व इंग्रजी अक्षरांचे असल्यामुळे ओळखू येत नाही. दहांपैकी बहुतेक वेळा हेच घडते.

दुसरे कारण असे, की काही फाइलींवर ‘हिडन’ म्हणजे ‘गुप्त’ अशी खूण केलेली असते. संगणकाच्या स्वतःच्या कामाच्या फाइली वापरणाऱ्याच्या हातून चुकून पुसल्या जाऊ नयेत, यासाठी ही सोय मुळात केलेली आहे. अँड्रॉइड मोबाइलमध्ये ज्या फाइलीचे किंवा कप्प्याचे नाव टिंबाने सुरू होते, ती आपोआप गुप्त समजली जाते.

तिसरे कारण विषाणूचे होय. पेन ड्राइव्ह अनेक संगणकांना लावला जातो, आणि एखादा विषाणू त्यातील सर्व कप्पे गुप्त करून त्यांच्या जागी त्याच नावाचे खोटे ‘शॉर्टकट’ ठेवतो.

चौथे कारण कागद पाठवावयाच्या खिडकीतच असते. शासनाच्या एखाद्या संकेतस्थळावर केवळ छायाचित्र मागितले असेल, तर निवडीच्या खिडकीत फक्त छायाचित्रेच दिसतात; त्याच कप्प्यातील पीडीएफ तेथे दिसत नाही. शेतकऱ्यास वाटते कागद गेला. वास्तविक तो जागच्या जागी असतो.

संगणकावर शोध

विंडोज प्रणालीच्या संगणकावर प्रथम ‘फाइल एक्सप्लोरर’ उघडावे आणि ‘डाउनलोड्स’ कप्प्यात जावे. तेथील यादी तारखेप्रमाणे लावावी, म्हणजे आज उतरविलेला कागद सर्वांत वर येईल. तेवढ्याने न सापडल्यास डावीकडील ‘धिस पीसी’वर जाऊन उजव्या हातास वर असलेल्या शोधपेटीत नावाचा आठवेल तो भाग लिहावा. नाव मुळीच आठवत नसेल, तर चांदणीचे चिन्ह, टिंब आणि पीडीएफ ही इंग्रजी अक्षरे लिहावीत. संगणक शोध घेऊन पीडीएफ फाइलींची यादी समोर ठेवतो. त्यास थोडा वेळ लागतो, तेवढा धीर धरावा.

यानेही न सापडल्यास गुप्त फाइली दाखविण्याची कळ दाबावी. विंडोज ११ मध्ये वरच्या पट्टीवरील ‘व्ह्यू’, त्यातील ‘शो’ आणि त्यातील ‘हिडन आयटम्स’ असा क्रम आहे. विंडोज १० मध्ये ‘व्ह्यू’ या पट्टीवरच ‘हिडन आयटम्स’ची चौकट असते, तीत खूण करावी. गुप्त फाइली आता पुसट रंगात दिसू लागतील. आपला कागद ओळखून त्यावर उजवी कळ दाबावी, ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि ‘हिडन’समोरील खूण काढून ‘ओके’ म्हणावे. कागद कायमचा उघड झाला. मग त्याची प्रत ‘डेस्कटॉप’वर घ्यावी, म्हणजे ई-मेलला जोडताना पुन्हा धुंडाळावे लागणार नाही.

काम आटोपताच ‘हिडन आयटम्स’ पूर्ववत बंद करावे. पुसट दिसणाऱ्या अनोळखी फाइली निरुपयोगी समजून पुसून टाकू नयेत. त्यांवरच संगणकाचे काम चाललेले असते.

आणखी एक चूक नेहमी घडते. ई-मेलने आलेला अर्जाचा नमुना कित्येकदा तेथल्या तेथे उघडला जातो, त्यात माहिती भरली जाते, ‘सेव्ह’ केले जाते आणि खिडकी मिटली जाते. काही ई-मेल प्रणालींत अशी फाइल तात्पुरत्या गुप्त कप्प्यात जाते. ती पुन्हा हाती लागणे कठीण होते. म्हणून नमुना प्रथम उतरवून घ्यावा, ‘सेव्ह अ‍ॅज’ करून आपल्या कप्प्यात ठेवावा, आणि नंतरच लेखणी चालवावी.

मोबाइलवर शोध

पुष्कळ शेतकऱ्यांचा संगणक म्हणजे त्यांच्या खिशातील मोबाइल होय. येथे ‘फाइल्स’ नावाचे अ‍ॅप उघडून प्रथम ‘डाउनलोड्स’ पाहावे. गुगलच्या ‘फाइल्स’ अ‍ॅपमध्ये सेटिंग्जमध्ये ‘शो हिडन फाइल्स’ अशी कळ आहे. ती चालू करताच टिंबाने सुरू होणारे कप्पे दिसू लागतात. फाइल चुकून पुसली गेली असल्यास त्याच अ‍ॅपमधील कचरापेटी पाहावी; तेथे टाकलेली फाइल ३० दिवस राहते. गुगल फोटोजच्या कचरापेटीत प्रत घेतलेले छायाचित्र ६० दिवस टिकते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले छायाचित्र गॅलरीत दिसत नसेल, तर ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ ही कळ बंद असण्याचा संभव असतो. असा कागद शोधण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ज्या संभाषणात तो आला तेथेच जाणे. त्यावर बोट दाबून धरावे, ‘शेअर’ निवडावे आणि जीमेल निवडावे. कागद आपोआप नव्या ई-मेलला जोडला जातो. मात्र कागद आला तेव्हा तो उतरविलाच नसेल आणि पुष्कळ दिवस लोटले असतील, तर तो मिळेलच असे नाही. पाठविणाऱ्याकडून तो पुन्हा मागवावा.

जोडताना घ्यावयाची काळजी

ई-मेलमध्ये कागद जोडण्याची खूण म्हणजे टाचणीचे चित्र. ते दाबून फाइल निवडावी आणि ती पूर्ण चढेपर्यंत थांबावे. जीमेलमधून एका पत्रासोबत २५ एमबीपर्यंतच मजकूर जातो. त्याहून मोठी फाइल ‘ड्राइव्ह’चा दुवा होऊन जाते; तो दुवा उघडण्याची परवानगी समोरच्यास दिलेली नसेल, तर कार्यालयात तो उघडत नाही. म्हणून बरीच छायाचित्रे असतील, तर ती दोन-तीन पत्रांत विभागून पाठवावीत आणि विषयाच्या ओळीत ‘पत्र १’, ‘पत्र २’ असे लिहावे.

डिजिटल सातबाऱ्याची मूळ पीडीएफच पाठवावी. त्यावरील स्वाक्षरी फाइलीत असते. मोबाइलच्या पडद्याचे छायाचित्र काढून पाठविल्यास ती तपासता येत नाही. पिकाच्या छायाचित्रांचेही तसेच. समजा, वरुड किंवा मोर्शी तालुक्यातील एखाद्या बागाइतदारास संत्र्याच्या झाडावरील डिंक्याची छायाचित्रे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांस पाठवावयाची आहेत. तीच छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या रीतीने फिरून आलेली असतील, तर त्यांचा आकार घटलेला व तपशील पुसट झालेला असतो. बुंध्यावरील डिंक व सालीची चीर स्पष्ट दिसावयास हवी. म्हणून कॅमेऱ्यातील मूळ छायाचित्र जोडावे, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

पत्र गेल्यावर ‘सेंट’ कप्पा उघडून जोडलेली फाइल एकदा स्वतः उघडून पाहावी. चुकीच्या गटाचा सातबारा गेला असेल, तर तो तेथेच लक्षात येतो. तारीख व वेळ असलेले हे पाठविलेले पत्र म्हणजे शेतकऱ्याच्या हातची नोंद होय. ते पुसू नये.

पेव उघडताना सावधगिरी

पेव उघडल्याबरोबर जाणता माणूस आत उतरत नसे. आत कोंडलेली दूषित हवा जीव घेते, हे त्यास ठाऊक असे. हाच नियम येथेही पाळावा. पेन ड्राइव्हमध्ये कप्प्यांच्या जागी शॉर्टकट दिसल्यास त्यांवर कळ दाबू नये; प्रथम विषाणूरोधक प्रणालीने तपासणी करावी आणि मग गुप्त झालेले कप्पे उघड करावेत. या विषाणूने दडविलेले कप्पे कधी कधी ‘हिडन आयटम्स’नेही दिसत नाहीत, तेव्हा जाणकाराचे साहाय्य घ्यावे. पेन ड्राइव्ह पुसून नव्याने सज्ज करण्याची घाई करू नये, कारण तसे केल्यास कागदही जातात.

मोबाइलवर शोध घेताना ज्या फाइलीच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी इंग्रजी अक्षरे असतील, ती कागद नसून अ‍ॅप असते. ‘पीएम किसान’सारख्या योजनांच्या नावाने अशा फाइली पाठवून बँकेतील रक्कम लुबाडल्याचे प्रकार घडले आहेत. ती उघडू नये, पुसून टाकावी.

सेवा केंद्राच्या संगणकावरून ई-मेल पाठविल्यास काम संपताच तेथून ‘साइन आउट’ करावे. आपला सातबारा व आधारपत्र ‘डाउनलोड्स’मधून आणि ‘रीसायकल बिन’मधूनही पुसावे. परवलीचा शब्द व ओटीपी कोणासही सांगू नये. मदत करणारा कितीही विश्वासू असला, तरी कळपट्टीवर बोट मालकाचेच असावे.

कार्यकर्त्यांचे काम

अमरावती जिल्ह्यात धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ साली डिजिटल गाव म्हणून पुढे आले. २०१७ साली ग्रामीण डिजिटल साक्षरतेचे देशव्यापी अभियान निघाले व २०२४ पर्यंत चालले. त्यात २० तासांचा पाठ्यक्रम होता. साधने व शिक्षण यांचा आरंभ असा झालेला आहे. परंतु पेरणी झाली म्हणजे पीक घरी आले असे होत नाही. निंदण-डवरण चालूच ठेवावी लागते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्याचा मोबाइल स्वतःच्या हाती घेऊन काम उरकू नये. त्याने आजचे काम होते. उद्या तोच शेतकरी पुन्हा दारात उभा राहतो. शेतीशाळेत प्रात्यक्षिक करावे. जमलेल्या प्रत्येकास आपल्या मोबाइलमधील सातबारा शोधावयास सांगावे. त्यास गावाचे नाव, गट क्रमांक व साल अशा क्रमाने नाव देण्यास सांगावे. आणि तो स्वतःच्याच ई-मेल पत्त्यावर पाठविण्यास सांगावे. यामुळे तीन गोष्टी साधतात. शोधण्याची रीत कळते, जोडण्याचा सराव होतो, आणि मोबाइल हरवला किंवा बिघडला तरी कागदाची एक प्रत ई-मेलमध्ये सुरक्षित राहते.

शेतकऱ्यांनीही दर हंगामाच्या आरंभी ‘खरीप’ व ‘रब्बी’ असे दोन कप्पे करून त्या त्या सालाचे कागद त्यांत ठेवण्याची सवय लावावी. पेरणीपूर्वी तिफण तपासून ठेवतो, तद्वत हे दप्तरही लावून ठेवावे. नुकसानीच्या दिवशी, पाऊस कोसळत असताना आणि मुदत सरत असताना, शोधाशोध करण्याची वेळ येऊ नये. धान्य आपले, पेव आपले; त्याच्या तोंडाची खूणही आपल्यालाच ठाऊक असली पाहिजे.